गाडीत राहिलेले खेळाचे आणि छंदाचे सामान व सुरक्षा तपासणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्याची सुट्टी, गणेशोत्सव आणि डिसेंबरची अखेर या तीन हंगामांत कोकणात येणारे चाकरमानी व पर्यटक आणि इथलेच गाडीवाले जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. यांतला कोणीही गुन्हेगार नसतो. डिकीत राहून गेलेली एखादी निरुपद्रवी वस्तू अंधारात, विजेरीच्या उजेडात भलतीच दिसते आणि मग पाच मिनिटांचे काम तासाभरावर जाते. कायद्यातील कलमे जेथे उपयोगी आहेत तेथेच दिली आहेत. एखाद्या प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाचा सल्ला घ्यावाच लागतो.

१. आम्ही सहकुटुंब फिरायला येतो, तरी कोकणात आमची गाडी एवढी बारकाईने का तपासतात?

कारण हा किनारा दोनदा पोळलेला आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठी वापरलेल्या स्फोटकांचा काही भाग रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनजवळच्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरवला गेला आणि तेथून रस्त्याने मुंबईकडे नेला गेला. नोव्हेंबर २००८ मधील हल्लेखोरही समुद्रमार्गेच मुंबईत शिरले. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस नौका लागली आणि तिच्यात एके-४७ रायफली सापडल्या. ती नौका ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेली होती आणि वाहत आली होती, हे पुढे स्पष्ट झाले, परंतु ते स्पष्ट होईपर्यंत जिल्ह्यातील नाके डोळ्यांत तेल घालून जागे होते. याशिवाय 'सागर कवच' नावाचा सराव किनाऱ्यावर वेळोवेळी होतो. त्यात सुरक्षा दलाचीच माणसे घुसखोराची भूमिका घेऊन बनावट स्फोटके आत आणण्याचा प्रयत्न करतात आणि त्यांना अडवता आले नाही तर संबंधित नाक्याला जाब द्यावा लागतो. त्या दिवसांत तुमच्या डिकीतील प्रत्येक लांबट पिशवी उघडली गेली, तर त्यात तुमच्यावरचा अविश्वास नसतो.

२. साधारणपणे कोणत्या वस्तूंवरून गाडी थांबवून ठेवली जाते?

तीन प्रकार सांगता येतील. पहिला, आकाराने शस्त्रासारख्या दिसणाऱ्या वस्तू : खेळण्यातले पिस्तूल, छर्‍याची बंदूक, कॅमेऱ्याच्या तिपाईची लांब पिशवी, नाटकातल्या तलवारी. दुसरा, दाब, तार किंवा बॅटरी असलेल्या वस्तू : पाण्यात बुडी मारण्याचे सिलिंडर, तंबूत वापरायची गॅसची डबी, घरी जोडलेले रिमोटचे विमान, उघड्या तारांचा दिवा. तिसरा, एरवी साध्या असूनही विशिष्ट जागी किंवा विशिष्ट दिवशी मनाई असलेल्या वस्तू, आणि माणसे सर्वांत जास्त फसतात ती येथेच. बॅटविषयी प्रश्न ५, गळाविषयी प्रश्न ९ आणि ड्रोनविषयी प्रश्न ११ पाहावा.

३. नाक्यावर गाडी थांबवली आणि डिकीत असे काही आहे हे आठवले, तर नेमके काय करावे?

डिकी उघडण्यापूर्वी सांगावे. "साहेब, मागे मुलाचे खेळण्यातले पिस्तूल आहे, निळ्या पिशवीत," एवढे एक वाक्य पुरते. तीच वस्तू पोलिसाला स्वतःला सापडली आणि तुम्ही नंतर खुलासा केला, तर खुलासा खरा असूनही सारवासारव वाटतो. गाडीचे इंजिन बंद करावे, आतला दिवा लावावा, हात दिसतील असे ठेवावेत आणि वस्तू स्वतः उचलून दाखवायला जाऊ नये. कोठे आहे ते सांगून बाजूला उभे राहावे. रात्री अडीच वाजता, पावसात, कशेडीच्या किंवा परशुरामच्या घाटातून आलेल्या गाड्यांच्या रांगेपुढे उभ्या असलेल्या माणसाला अंधारात कोणी अचानक काहीतरी उचललेले अजिबात नको असते, आणि त्याचे ते म्हणणे रास्त आहे.

"यात काय बॉम्ब आहे का?" असे चेष्टेतही विचारू नये. तो शब्द कानावर पडला की तपासणाऱ्याला ते वरिष्ठांना कळवणे भाग पडू शकते, आणि मग तेथून पुढचे त्याच्याही हातात राहत नाही.

४. डिकी उघडायला मी नकार देऊ शकतो का? आणि हॉटेलच्या फाटकावरचा रखवालदार पोलिसासारखी झडती घेऊ शकतो का?

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ प्रमाणे, तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला सबळ कारण असेल आणि वॉरंट आणण्याइतका वेळ नसेल, तर कारणे लेखी नोंदवून झडती घेता येते. नाकाबंदीत मात्र बहुतेक वेळा एवढा औपचारिक प्रकार नसतो. डिकी दाखवा म्हणतात, आपण दाखवतो आणि पुढे जातो. माझे स्पष्ट मत असे आहे की लपवण्यासारखे काही नसताना तेथे वाद घालण्यात अर्थ नाही, परंतु नम्रपणे कारण विचारण्याचा आणि अधिकाऱ्याचे नाव व पोलीस ठाणे विचारण्याचा हक्क कोणीही सोडू नये. स्त्रीची अंगझडती घ्यायची झाल्यास ती स्त्रीनेच, सभ्यता राखून घ्यावी, असे त्याच संहितेचे कलम ४९ सांगते. तेथे मुळीच तडजोड करू नये.

हॉटेल, रिसॉर्ट किंवा खासगी वाहनतळावरील रखवालदाराला पोलिसाचे अधिकार नसतात. तो तुमच्या संमतीने पाहू शकतो, संमती नसेल तर प्रवेश नाकारू शकतो, पण बळजबरीने सामान उपसू शकत नाही किंवा वस्तू स्वतःकडे ठेवून घेऊ शकत नाही. बंदर, नौदलाची ठिकाणे, खतांचे किंवा रसायनांचे कारखाने यांच्या फाटकांवर नियम त्या त्या आस्थापनेचे असतात आणि तेथे काडेपेटी व लायटरसुद्धा बाहेर ठेवावा लागतो. कामानिमित्त अशा ठिकाणी जायचे असेल तर आदल्या रात्री डिकी रिकामी करणे हाच खरा उपाय आहे.

५. गावी सामने खेळायला जातो. बॅट आणि स्टम्प गाडीत ठेवणे गुन्हा आहे का?

एरवी नाही. मात्र रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत सण, निवडणुका किंवा तणावाचे प्रसंग असताना महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली ठरावीक दिवसांसाठी मनाई आदेश निघतात. त्यांत शस्त्रे, सोटे, लाठ्या आणि शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगण्यास मनाई असते. शब्दशः पाहिले तर लोखंडी टोकाचे स्टम्प त्यात बसू शकतात, आणि मागच्या सीटखाली एकटीच पडलेली बॅटही.

'एकटीच' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. बॅट, चेंडू, पॅड, ग्लोव्हज आणि संघाचे टी-शर्ट एका किटबॅगेत असतील, तर सामना आहे हे कोणालाही सांगावे लागत नाही. चालकाच्या हाताशी ठेवलेली बॅट, सोबत चेंडू नाही आणि गाडीत चार तरुण, असे दृश्य वेगळाच अर्थ सांगते. खेळाचे सामान त्याच्या सोबत्यांसह आणि डिकीत ठेवावे. मनाई आदेश जाहीर असेल तर स्पर्धेचे पत्रक किंवा संयोजकांचा संदेश मोबाइलमध्ये असू द्यावा.

६. मुलाने जत्रेत घेतलेले प्लॅस्टिकचे पिस्तूल मागच्या काचेपाशी राहिले होते. त्यावरून आम्हाला थांबवून ठेवले. हे योग्य आहे का?

खेळण्याला परवाना लागत नाही आणि ते बाळगणे हा गुन्हा नाही. परंतु आजकाल जत्रांत मिळणारी काही खेळणी काळी, वजनदार आणि खऱ्याशी हुबेहूब असतात, आणि काचेतून ती खेळणी आहेत हे ओळखण्याचा कोणताही मार्ग रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे नसतो. त्यामुळे थांबवणे योग्यच आहे. थांबवून खात्री झाल्यावरही तासभर ताटकळत ठेवणे योग्य नाही. पालकांना एवढेच सांगणे आहे की घेताना भडक रंगाचे घ्यावे आणि गाडीत दर्शनी जागी ठेवू नये. मूल रडत असेल तर त्याला खिडकीतून पिस्तूल नाचवू देऊ नये.

७. छर्‍याची बंदूक नेमबाजीच्या सरावासाठी नेतो. परवाना लागतो का?

शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या हवेच्या बंदुकांना परवान्यातून सूट आहे. खरेदीचे बिल आणि उत्पादकाचा तपशील सोबत ठेवावा, कारण नाक्यावर ऊर्जा मोजता येत नाही, कागद मात्र वाचता येतो. बंदूक रिकामी, तिच्या पेटीत, आणि छर्‍यांची डबी वेगळी ठेवावी.

कोकणात या वस्तूकडे जास्त संशयाने का पाहतात, हेही समजून घ्यावे. शेतीसंरक्षणासाठी परवाना घेतलेल्या ठासणीच्या आणि काडतुसाच्या बंदुका येथे अनेक घरांत आहेत, निवडणुकीच्या काळात त्या पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात आणि शिकारीच्या तक्रारी बारमाही असतात. बंदुकीच्या आकाराची पिशवी दिसली की प्रथम हेच मनात येते. बागेतली वानरे पळवण्यासाठी प्लॅस्टिकच्या पाइपची कार्बाइडवर वाजणारी बंदूक करतात, ती तर गाडीत मुळीच ठेवू नये. दिसायला ती पाइपबॉम्बसारखी असते, आणि तिच्याने डोळे जातात हे वेगळेच. जंगलाच्या वाटेवरील नियमांसाठी प्रश्न ९ पाहावा.

८. कोयती किंवा मोठा चाकू गाडीत असेल तर?

शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे येतात, मात्र घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. माडाची कोयती हे शेतीचे हत्यार आहे आणि कोकणातला कोणताही पोलीस ते ओळखतो. शहाळी फोडायला म्हणून शहरातील पर्यटकाने घेतलेली आणि सीटखाली विसरलेली तीच कोयती मात्र ओळखीची वाटत नाही. मनाई आदेश असल्यास (प्रश्न ५) कोयती शेतीची आहे ही सबब चालेलच असे नाही. ती फडक्यात गुंडाळून, दोरी बांधून डिकीत ठेवावी.

९. गळ आणि पाग (फेकायचे जाळे) घेऊन मासे धरायला जातो. त्यात कोणाला काय अडचण?

किनाऱ्यावर काहीच नाही. शिशाच्या वजनांनी भरलेली पिशवी हाताला जड लागते, म्हणून कधी उघडून पाहतात, एवढेच.

अभयारण्यात गोष्ट वेगळी होते आणि हे फार थोड्यांना माहीत असते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शस्त्राची जी व्याख्या आहे, तीत बंदूक आणि दारूगोळ्याबरोबर गळ, जाळी, चाकू आणि सापळेही स्पष्टपणे घातलेले आहेत, आणि कलम ३१ प्रमाणे परवानगीशिवाय शस्त्रासह अभयारण्यात प्रवेश करता येत नाही. म्हणजे काशिदच्या किनाऱ्यावर निर्दोष असलेली गळाची काठी फणसाडच्या अभयारण्यात त्याच गाडीतून गेली, तर वनरक्षकाने विचारणे कायद्याला धरून आहे. कर्नाळ्याला किंवा घाटमाथ्यावर राधानगरीकडे जाणाऱ्यांनाही हेच लागू होते. मालवणच्या सागरी अभयारण्याच्या परिसरात गळ टाकण्यापूर्वी स्थानिकांना हद्द विचारावी. मुलांची गलोलही घरीच ठेवावी. प्राण्याला इजा करणारे कोणतेही साधन त्या व्याख्येत बसते.

१०. तारकर्लीहून परतताना डिकीत स्कूबाचे सिलिंडर होते. त्यावरून बराच गोंधळ झाला. पुढच्या वेळी काय करू?

भरलेल्या सिलिंडरात साधारण २०० बार दाब असतो, त्यामुळे तपासणाऱ्याची काळजी निराधार नाही. प्रवासात सिलिंडर शक्यतो रिकामे किंवा थोड्या दाबाचे न्यावे, आडवे घट्ट बांधावे, झडपेवर टोपी असावी आणि त्यावर 'श्वसनाची हवा' असे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे. दाबचाचणीची तारीख कोरलेली असते, ती बोटाने दाखवावी. मुखवटा, पंखपावले आणि पोशाख त्याच जागी ठेवले तर अर्धे प्रश्न आपोआप मिटतात. मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीत सिलिंडर किंवा तंबूतल्या शेगडीची गॅसची डबी ठेवणे मात्र तपासणी असो वा नसो, धोक्याचेच आहे.

फेरीबोटीवर गाडी चढवताना गॅसची डबी किंवा पेट्रोलचा कॅन असेल तर धक्क्यावरच सांगावे. दाभोळ-धोपावे असो किंवा दिघी-आगरदांडा, खाडीच्या मध्यावर आग लागली तर पळायला जागा नसते.

११. ड्रोन, दुर्बीण आणि वॉकीटॉकी सोबत असतात. यांतले काय चालते?

दुर्बीण चालते. नौदलाच्या किंवा बंदराच्या तटबंदीकडे ती रोखून उभे राहू नये.

ड्रोन गाडीत असणे गुन्हा नाही, उडवणे नियमांनी बांधलेले आहे. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनसाठी आणि बिगर-व्यावसायिक वापराच्या २ किलोपर्यंतच्या ड्रोनसाठी चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही, परंतु हवाई क्षेत्राच्या लाल (मनाईच्या), पिवळ्या (परवानगीच्या) व हिरव्या (मोकळ्या) भागांची बंधने सर्वांना आहेत. चिपीचे विमानतळ, रत्नागिरीतील तटरक्षक दलाचा विमानतळ आणि किनाऱ्यावरची संरक्षणाची ठिकाणे पाहता, नकाशा न पाहता ड्रोन उडवणे कोकणात विशेष अविचाराचे आहे. जंजिरा किंवा सिंधुदुर्ग यांसारख्या संरक्षित किल्ल्यांवर वेगळी परवानगी लागते. प्रवासात बॅटरी काढून ठेवावी.

वॉकीटॉकीपैकी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरील कमी शक्तीची यंत्रे परवानामुक्त आहेत, बाकीच्यांना परवाना लागतो. परदेशातून आलेले नातेवाईक डोंगरात वापरायचे उपग्रह संदेशयंत्र किंवा उपग्रह फोन गाडीत ठेवून जातात, ते निरुपद्रवी समजू नये. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असे यंत्र बाळगल्याबद्दल परदेशी प्रवाशांना अटक झालेली आहे.

१२. आमची दशावतारी मंडळी रात्री एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेला जातात. टेम्पोत तलवारी, गदा, धनुष्ये असतात. दर वेळी पेटारा उघडावा लागतो, त्याचे वाईट वाटते.

वाईट वाटणे साहजिक आहे. पेटाऱ्याची पूजा होते, आणि कोणी बूट घालून त्यावर पाय ठेवला तर ते कोणालाही लागते. कार्तिकापासून वैशाखापर्यंत या मंडळींचा प्रवास रात्रीचाच असतो, म्हणून नाकाबंदीशी गाठही त्यांचीच जास्त पडते. स्थानिक पोलिसांना हे ठाऊक असते. बंदोबस्तासाठी दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या शिपायाला ठाऊक नसते.

म्हणून हंगामाच्या सुरुवातीला आपल्या पोलीस ठाण्याला मंडळाच्या लेटरहेडवर पत्र द्यावे, त्यात टेम्पोचा क्रमांक, कलाकारांची नावे आणि सामानाची यादी लिहावी, आणि पोच घेतलेली प्रत टेम्पोत ठेवावी. नाक्यावर व्यवस्थापकाने पुढे होऊन, पेटारा आम्ही आमच्या हाताने उघडून दाखवतो, अशी विनंती करावी. समोरच्याला कारण कळले की ती सहसा मानली जाते. तलवारी लाकडी किंवा पत्र्याच्या बोथट असाव्यात. धार असलेली खरी तलवार केवळ नाटकासाठी आहे म्हणून नियमातून सुटत नाही (प्रश्न ८). नमन-खेळे आणि शिमग्यातल्या सोंगांच्या सामानालाही हेच लागू आहे. शंभर-दीडशे रात्री जागून ही कला जिवंत ठेवणाऱ्या माणसांना दर नाक्यावर नव्याने ओळख द्यावी लागू नये, यासाठी जिल्हा पातळीवर एक साधे ओळखपत्र निघाले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

१३. गाडीत काहीच नव्हते, तरी पोलिसांचा कुत्रा डिकीपाशी बसला. असे कसे झाले?

स्फोटके शोधणारे श्वान वास लागला की भुंकत नाहीत, शांत बसतात, कारण तशीच त्यांची शिकवण असते. दिवाळीच्या किंवा गणपतीच्या उरलेल्या फटाक्यांची पूड गालिच्यात असेल, ठासणीच्या बंदुकीची दारू कधी त्या गाडीतून नेली असेल किंवा नायट्रेटयुक्त खताची पोती बागेत पोहोचवली असतील, तर वास मागे राहू शकतो. अशा वेळी गाडीत अलीकडे काय काय नेले ते आठवून सगळे सांगावे. फटाक्यांना निरुपद्रवी सामान म्हणता येत नाही. ते गाडीत साठवू नयेत आणि रेल्वेने तर नेऊच नयेत. बोटमालकांनी होडीवरचा संकटसूचक दारूचा दिवाही (फ्लेअर) गाडीत विसरू नये.

१४. गाडी किनाऱ्यावर उभी करून पोहायला गेलो. परत आलो तर भोवती दोरी बांधलेली आणि पोलीस उभे. आमचे काय चुकले?

बहुधा आतले काहीतरी बाहेरून दिसत होते आणि मालक दिसत नव्हता. बेवारस गाडी आणि तीत तारा किंवा नळकांडे असे दिसल्यावर बॉम्ब शोधक व नाशक पथकाला बोलावणे हे बंदोबस्तावरच्या माणसाचे कर्तव्यच आहे. उभी करताना सामान झाकावे आणि काचेआड स्वतःचा मोबाइल क्रमांक लिहून ठेवावा. पोहायला सगळेच जाणार असाल तर जवळच्या टपरीवाल्याला सांगून जावे. अशा प्रसंगी दोरी ओलांडून गाडीकडे धावू नये. लांबूनच हात वर करून गाडी माझी आहे असे सांगावे आणि चावी मागितली तर द्यावी.

१५. गाडी भाड्याची किंवा मित्राची होती आणि सापडलेली वस्तू आमची नव्हती. जबाबदारी कोणाची?

शस्त्राच्या बाबतीत केवळ ते जवळ सापडणे पुरेसे नसते. ते आहे याची जाणीव असावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात स्पष्ट केले आहे. तरीही हे न्यायालयात सिद्ध होईपर्यंतचा त्रास तुमचाच असतो. म्हणून गाडी ताब्यात घेतानाच डिकी, स्टेपनीची जागा, सीटखालचा भाग आणि पुढचा कप्पा यांचे मोबाइलवर चित्रण करावे आणि ते मालकाला त्याच वेळी पाठवावे, म्हणजे वेळेची नोंद राहते. जुनी गाडी विकत घेतानाही असेच करावे. किल्ल्या अडकवायला निकामी काडतूस वापरण्याची काही जणांना हौस असते. तसे काही मिळाले तर गाडीसोबत स्वीकारू नये.

१६. वस्तू ठेवून घेतली आणि "नंतर या" म्हणाले. ती परत कशी मिळवायची?

कागदाशिवाय वस्तू सोडून निघू नये. जप्ती असेल तर पंचनामा व्हायला हवा आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत तुम्हाला मिळायला हवी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रणही अपेक्षित आहे. जप्ती नसेल आणि केवळ खात्रीसाठी ठेवली असेल, तर तसे लिहून मागावे. नंतर त्या पोलीस ठाण्यात बिल व ओळखपत्रासह लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. वस्तू न्यायालयापुढे सादर झालेली नसेल तर संहितेच्या कलम ५०३ खाली, म्हणजे जुन्या कायद्यातल्या कलम ४५७ खाली, दंडाधिकाऱ्यांकडे ती परत मागता येते. पर्यटक परगावी परतलेले असतात आणि महागड्या वस्तू पोलीस ठाण्यात धूळ खात पडतात, असे बऱ्याचदा घडते. स्वतः येणे शक्य नसेल तर अधिकारपत्र देऊन स्थानिक नातेवाईकाला किंवा वकिलाला पाठवावे आणि त्या पत्रासोबत यादीची प्रत जोडावी.